मोटार नव्वद टक्के, मग दीपनगरची चिमणी कशासाठी?

तापीकाठ: काल एकाने ठोकून दिलं, 'ईव्हीची, म्हणजे विजेवरच्या गाडीची, मोटार ९० टक्के एफिशियंट, पेट्रोल इंजिन २५, विषय संपला.' कसा संपला भो? दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो, त्यातली जेमतेम ३५ टक्के ऊर्जा वीज होते. मग तारांची गळती, चार्जर, बॅटरी. शेवटी चाकाला पंचवीसच्या आसपासच लागतं ना?

धुळेकर: आणि पेट्रोल काय थेट विहिरीतून टाकीत पडतं? रिफायनरी, टँकर कुठे गेले? शिवाय २५ टक्के हे इंजिन खुशीत पळताना. आग्रा रोडच्या गर्दीत उभं इंजिन पेट्रोल पितच असतं, मोटार थांबली की थांबली. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा, त्यात स्कूटर ४५-५० किमी. ईव्ही ३ युनिटात ९०च्या पुढे जाते. ते ३ युनिट बनवायला कोळशाचे १० धरा. तरी जवळपास दुप्पट अंतर.

तापीकाठ: कागदावर. मे महिन्यात ४५ अंशात जळगावला या. मोटारीतलं तांबं तापलं की विजेला रोध वाढतो.

धुळेकर: १० अंशाला ४ टक्के रोध वाढतो, एफिशियन्सी नव्हे. उगाच घाबरवू नका.

केळीवाला_रावेर: स्कूटरीचं राहू द्या हो. माझ्या विहिरीवरची साडेसात एचपीची मोटार बघा. थ्री फेज रात्री, व्होल्टेज जेमतेम ३२०. कमी व्होल्टेजला करंट जास्त ओढते, गेली वाइंडिंग, आतली तारेची गुंडाळी. रिवाइंड करून आणली की पाणी पहिल्यासारखं फेकत नाही. तार हलकी भरू राहिले लोक, अजून काय!

वाइंडिंगवाला: तोंड सांभाळून. निम्म्या मोटारी तुमच्या ऑटो स्विचने जळतात. लाईट आली की डीपीवरच्या, एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम उठतात, मग व्होल्टेज राहील कसं? व्होल्टेज सावरायला कॅपॅसिटर बसवा म्हटलं तर 'पुढच्या हंगामात'.

केळीवाला_रावेर: ऑटो काढून रात्री दीडला बॅटरी घेऊन बांधावर तुम्ही जाता का? आमच्याकडे बिबट्या फिरू राहिला.

वाइंडिंगवाला: तेही खरं. पण ऑटोला टायमर लावा. शेजाऱ्याची उठल्यावर दोन मिनिटांनी तुमची उठू द्या. आणि तारेचा गेज, म्हणजे जाडी, मोजून घ्या, जुनी तार मी परत देतो.

तापीकाठ: धाग्याचा विषय ईव्ही होता, आठवण करून देतो.

धुळेकर: दुप्पट अंतराचं उत्तर आलं नाही अजून.

तापीकाठ: बरं, गावात तुमची मोटार भारी. घ्या. आता कन्नड घाट तीन सीट चढवून दाखवा.

धुळेकर: तीन सीट? आधी दंड भरा.

केळीवाला_रावेर: टायमर केवढ्याला पडतो?