कथा-कादंबऱ्या कशाला वाचायच्या, आणि निवडायच्या कशा? आपापले अनुभव लिहा

धागाकर्ती
आमच्या घरात चरित्रं, गुंतवणुकीची पुस्तकं आणि 'यशाच्या पायऱ्या' छापाचं सगळं ढिगाने येतं. कादंबरी हातात दिसली की मात्र "रिकामी आहेस का गं?" असं विचारतात. तर मंडळी, गोष्टींनी तुम्हाला काय दिलं, आणि कपाटापुढे उभं राहिल्यावर पुस्तक कसं निवडता, ते लिहा. याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात.

बुडीत क्षेत्र
धरणांच्या कामावर सगळी नोकरी झाली. बुडिताची मोजणी, किती घरं, किती विहिरी, किती झाडं, हे तक्त्यात भरायचं. घर कच्चं की पक्कं. झाड फळाचं असेल तर त्याचं वय. निवृत्त झाल्यावर बायकोने वाचनालयातून विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आणली, ती मी चाळायला घेतली. धरणग्रस्तांवरची आहे आणि 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालाय, एवढंच ऐकून होतो. लेखक स्वतः सरकारी सेवेतले. तरीही पेन्सिल घेऊन बसलो होतो, की फाईल कशी चालते, शेरा कुठे पडतो, मोबदल्याचा कागद कुणाच्या टेबलावर अडतो, यात कुठे गफलत सापडते का बघू. इंजिनिअरची खोड. थोड्या वेळाने पेन्सिल खाली पडली ती उचललीच नाही. आमच्या तक्त्यात 'कुटुंबप्रमुख' असा एक रकाना असे. इथे त्या रकान्यातली माणसं भांडत होती, रुसत होती, अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेत होती.

पुनर्वसनावरचे चांगले अहवालही मी वाचले आहेत, त्यांना नावं ठेवणार नाही. पण अहवाल हजार घरांबद्दल एकदम बोलतो. कादंबरी एकाच घराच्या ओसरीवर बसवते आणि लवकर उठू देत नाही.

निवडायची माझी रीत अशी: ज्या कामातलं आपल्याला कळतं, त्या कामावरची कादंबरी आधी घ्यायची. लेखकाने पायपीट केलीय की खुर्चीत बसून थापा मारल्यात, ते वीसेक पानांत कळतं. बिऱ्हाड ओळखीचं असलं की परक्या लेखकावर विश्वास बसतो, मग तो नेईल तिकडे जाता येतं.

तारीखपट्टी
गावातलं 'ड' वर्गाचं वाचनालय सांभाळते. लोक कपाटापर्यंत जातच नाहीत. टेबलावर परत आलेल्या पुस्तकांची चळत असते, त्यातलंच उचलतात. कुणीतरी नुकतंच वाचलंय म्हणजे बरं असणार, हा हिशेब. हिशेब वाईट नाही, पण त्यामुळे त्याच त्या जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या गावभर फिरतात आणि पातळ पुस्तकं कपाटात पिवळी पडतात.

म्हणून मी थोडी लबाडी करते. ज्याच्या पट्टीवर बऱ्याच काळात शिक्का पडलेला नाही, असं एखादं मुद्दाम चळतीत सरकवते. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' असंच बाहेर काढलं. 1939 सालचं, एका बैठकीत संपणारं. हिटलरच्या जर्मनीतून निघालेले ज्यू आणि युरोपातून परतणारा मराठी तरुण, सगळे एकाच बोटीवर. ज्या काकूंनी नेलं त्यांनी परत करताना विचारलं, "याच्या पुढचा भाग आहे का गं?" नाही म्हटल्यावर चिडल्या. माझ्यावर नाही, बेडेकरांवर!

हुक-काज
मी ऐकते. मशीन चालू असताना काही ऐकू येत नाही, म्हणून फॉल लावताना आणि हुक बसवताना गोष्ट लावते. वाचणाऱ्याचा आवाज आवडला तरच पुस्तक घ्यायचं. कुणी नाटकी रडायला लागला की बंद. आणि लग्नसराईत रहस्यकथा अजिबात नाही, खून झाला की सुई बोटात जाते.

आकडेमोड
वाचनाने समानुभूती वाढते, असं इथे कुणीतरी लिहिणारच, त्याआधी माझे दोन शब्द. 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग आला होता. साहित्यिक कथा थोडा वेळ वाचलेल्यांना नुसत्या डोळ्यांच्या फोटोंवरून माणसाच्या मनातलं जास्त चांगलं ओळखता आलं, असं त्यात होतं. जगभर गाजावाजा झाला. 2016 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग करून पाहिला, तर तसा फरक दिसला नाही. वर्षानुवर्षं कथा वाचणाऱ्यांना अशा चाचण्यांत जास्त गुण मिळतात खरे, पण वाचून माणूस समजूतदार होतो की मुळात समजूतदार असलेलाच वाचतो, हे त्यावरून ठरत नाही. भरपूर वाचणारे आणि तितकेच खडूस लोक माझ्या घरातच आहेत.

मी मजा येते म्हणून वाचतो. क्रिकेट बघणाऱ्याला कुणी 'काय मिळतं' विचारत नाही.

नववी ब
इतिहास शिकवते. आकडेमोड यांना अनुमोदन, वर एक तक्रार. माधवराव पेशव्यांवरच्या उत्तरात मुलं 'स्वामी'तले संवाद पुरावा म्हणून लिहितात. रमाबाई काय म्हणाल्या ते अवतरणचिन्हांत! रणजित देसाईंची ताकद म्हणायची ही, पण गुण कापावेच लागतात. पालक भांडायला येतात, "पुस्तकात आहे की." गंमत म्हणजे अशाच एका मुलीने नंतर पेशव्यांची खरी पत्रं कुठे वाचायला मिळतील, असं विचारलं. कादंबरी नसती तर हा प्रश्न तिला पडला असता असं मला वाटत नाही.

मधलं पान
दुकानातली माझी पद्धत: पहिलं पान वाचायचं नाही, ते लेखकाने घासूनपुसून ठेवलेलं असतं. मधलंच कुठलंतरी उघडायचं. तिथली दोन माणसं काय बोलतायत ते, आगापीछा माहीत नसताना, ऐकावंसं वाटलं तर घ्यायचं. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव आधी बघायचं. प्रस्तावना नेहमी शेवटी वाचा, आपल्याकडच्या विद्वानांना पहिल्या दोन पानांतच कथानक फोडायची भारी हौस! आणि नावडलेलं पुस्तक सोडताना अपराधी वाटू देऊ नका. जी. ए. कुलकर्णींची कथा मी कॉलेजात असताना अर्ध्यावर सोडली होती, चाळिशीनंतर तीच पुन्हा हातात आली आणि सुटेना.

धागाकर्ती
वा, मजा येतेय. दहावी झालेला भाचा सुट्टीत येतोय, मोबाईल सोडत नाही. त्याला काय देऊ?

तारीखपट्टी
देऊ नका. दिलेलं पुस्तक म्हणजे गृहपाठ. 'बनगरवाडी' पंख्याखाली कुठेतरी पडू द्या. व्यंकटेश माडगूळकरांची, 1955 सालची, छोटी आहे. त्यातला मास्तर जेमतेम त्याच्याहून थोडा मोठा, धनगरांच्या वाडीत शाळा उघडतो आणि पोरं मेंढरांमागे गेलेली. उचलली तर उचलली. नाही तर तुम्हीच वाचा, आणि मधेच हसा.