पेरूवर वनस्पतिजन्य लेप लावून तो टिकवता येईल का?

सासवडची_बाग
नमस्कार. पुरंदरला आमची सरदार पेरूची बाग आहे. पहाटे तोडणी करून माल कोथरूड, कर्वेनगरच्या सोसायट्यांत थेट घरपोच देतो. तिसऱ्या दिवशी साल मऊ पडते, देठाकडे सुरकुत्या येतात आणि लोक फोटो पाठवतात. खाता येईल असा लेप लावायचा विचार आहे, पण आमच्याकडून घेणाऱ्यांत जैन कुटुंबं आणि उपवासवाले बरेच, त्यामुळे प्राणिज काही चालणार नाही. कोरफड लावावी का? त्यात एका ग्रुपवर परदेशी लेपाबद्दल घाबरवणारा मेसेज फिरतोय, तो वाचून दोघींनी पेरू बंदच केले.

नाना_हडपसर
सफरचंदाला लावतात ते चकचकीत मेण लावा की. फळ दिसतंही छान.

पॅकहाऊसवाला
नाना, ते मेण बहुतेकदा लाखेचं असतं आणि लाख कीटकापासून मिळते. ताईंच्या जैन गिऱ्हाइकांना ते कसं चालेल? कायटोसन नावाचा लेपाचा पदार्थ असतो, त्याचंही तेच, बाजारातलं बरंचसं कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं. या दोन्ही गोष्टी ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जातात, म्हणून हे आधी सांगतोय.

ताई, माझी सगळी नोकरी फळांच्या पॅकहाऊसमध्ये गेली. माझं ठाम मत असं की, लेप सगळ्यात शेवटी. तोडलेलं फळ जिवंत असतं, श्वास घेतं, साखर जाळतं, पाणी सोडतं. पेरू तर तोडल्यावरही पिकत राहतो. उन्हं वर यायच्या आत तोडा, क्रेट लगेच सावलीत हलवा, आणि जमलं तर 8 ते 10 अंश सेल्सिअसला ठेवा. त्याहून फार खाली गेलात तर थंडीनेच साल काळवंडते. गरम फळावर लेप चढवला तर आतली उष्णता तशीच राहते आणि तुमची मेहनत वाया जाते.

आता लेप काय करतो ते. पाणी उडणं कमी करतो आणि ऑक्सिजन आत जायचा वेग कमी करतो, म्हणून पिकणं लांबतं. कोरफड, स्टार्च, पेक्टिन (फळांतला चिकट पदार्थ) हे ऑक्सिजन बऱ्यापैकी अडवतात, पण स्वतःच पाणी ओढणारे असल्याने वाफ फारशी अडवत नाहीत. मेण नेमकं उलट, ते वाफ चांगली अडवतं. तुमच्या सुरकुत्या पाणी उडाल्याच्या आहेत, म्हणून नुसत्या कोरफडीवर मी विसंबणार नाही. कोरफडीत दम नाही असं मात्र नव्हे. 2005 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी द्राक्षांवर तिचा चांगला परिणाम दाखवला होता.

तुम्हाला हवं ते कार्नौबा मेण. ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरचं हे मेण, म्हणजे शंभर टक्के वनस्पतिजन्य. आपल्याकडे ताज्या फळांवर मधमाशीचं, लाखेचं आणि कार्नौबा मेण लावायला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) परवानगी आहे, पण लेबलवर तसं लिहावं लागतं. फळांसाठीचं तयार इमल्शनच (पाण्यात एकजीव केलेलं पातळ मेण) घ्या, पॉलिशचं मेण चुकूनही नको.

आणि थर पातळ ठेवा. जाड झाला की फळ आतून गुदमरतं, अल्कोहोल तयार होतं, आंबूस वास येतो. फळमाशी लागलेल्या किंवा डाग पडलेल्या पेरूला लेप वाचवत नाही, असा माल आधीच बाजूला काढा.

सासवडची_बाग
मनापासून धन्यवाद काका. घरच्यापुरती कोरफड लावून बघू का? आणि त्या मेसेजचं काय सांगू?

पॅकहाऊसवाला
जरूर बघा. पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक गळून जाऊ द्या. तो कडू आणि रेचक असतो. मग गर धुऊन, मिक्सरमधून काढून, गाळून 70 अंशांपर्यंत तापवा आणि गार करा. पेरू धुऊन पूर्ण कोरडे करा, बुडवून काढा, पंख्याखाली वाळवा. तेवढेच पेरू बिनलेपाचे शेजारी ठेवा आणि दोन्हींचं रोज वजन करा. विक्रीच्या मालावर कोरफड लावायची असेल तर मात्र आधी एफएसएसएआयकडून लेखी खुलासा घ्या.

मेसेजचं म्हणाल तर तो बहुधा अपील नावाच्या अमेरिकन लेपाबद्दलचा असावा. त्यात वनस्पती तेलातून काढलेले मोनो-डायग्लिसराइड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात; याच गटातले पदार्थ ब्रेड-आइस्क्रीममध्येही वापरतात. 2023 मध्ये त्याच नावाच्या एका ब्रिटिश फरशी-ओटा क्लीनरची माहिती या लेपाची म्हणून जगभर फिरली. त्या दोघींना हे फोन करूनच सांगा, आणि तुमच्या लेबलवर मेणाचं नाव मराठीत, ठळक छापा.

नाना_हडपसर
लाखेचं मला ठाऊक नव्हतं. ताई, इमल्शन चाळीसेक क्रेटना पुरेल एवढंच आणा, उघडल्यावर किती टिकतं ते डब्यावर बघून घ्या.