आठवीतल्या पुतण्याचा दाखला काढून न्या म्हणतात, काय करावं?

नमस्कार मंडळी. पुतण्या बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी खाजगी अनुदानित शाळेत आठवीला आहे. शाळा पाचवी ते दहावी. मधल्या सुट्टीत मारामारी झाली, दुसऱ्या पोराच्या दाताला लागलं. दवाखान्याचा खर्च आम्ही दिला, त्या घरच्यांची आता तक्रार नाही. तरी मुख्याध्यापक म्हणतात, दाखला न्या. शाळेनं काढलं असं लेखी द्यायला मात्र तयार नाहीत. उलट 'पालकाच्या विनंतीवरून' असा टाईप केलेला अर्ज पुढं करून सही मागतात. नाही केली तर दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात 'असमाधानकारक' लिहू, ही वर धमकी!

भाऊ-वहिनी ऊसतोडीला कर्नाटकात, लेकरू आजीजवळ. म्हणून धावपळ माझ्याकडं. सही केलेली नाही. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत काढता येत नाही, हे छापून नेऊन सरांना दाखवलं. "ते कागदावर," एवढंच उत्तर. पोरगं रोज शाळेत जातंय, हजेरीही लागते. शाळा बदलायची नाही. दुसरी लांब आहे अन् एसटीचा भरवसा नाही.

लेखी तक्रार पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं द्यायची की जिल्हा परिषदेत माध्यमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं? खरी भीती पुढची आहे. आठवी संपली की या कलमाचा आधार राहत नाही. मग त्याच शाळेत नववीला बसवायला ते नकार देऊ शकतात का?