सर्चमध्ये सगळ्यात वर आला म्हणजे खरा, हे आपल्या डोक्यात कधी बसलं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात बाबांच्या खात्यातून ४८ हजार गेले, तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. बाबा ७१ वर्षांचे, प्राथमिक शिक्षक होते. कुरियरचं पार्सल चार दिवस आलं नाही म्हणून त्यांनी मोबाईलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, सगळ्यात वर जो आला तो डायरीत उतरवून घेतला, खाली लाल पेनने रेघ मारली आणि फोन लावला. समोरचा एकदम गोड बोलणारा, पत्ता अपडेट करायचे ५ रुपये भरा म्हणाला, त्यासाठी एक ॲप टाकायला लावलं आणि त्या ॲपमधून त्याला बाबांची सगळी स्क्रीन दिसत होती. तीन वेळा मिळून पैसे गेले. मी रात्री घरी आल्यावर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, थोडी रक्कम पुढच्या खात्यात होल्ड झालीय, बाकीचे गेले ते गेले.

पैशाचं वाईट वाटतंच, पण हा माणूस आयुष्यभर वर्गात सांगायचा की ऐकीव गोष्ट लिहू नका, शब्दकोश उघडून बघा. दुधाचं बिलसुद्धा दोनदा बेरीज केल्याशिवाय देत नाही. आणि तो मला म्हणतो, "अरे पण सगळ्यात वर होता तो नंबर." मला रागावताच येईना कारण मी पण तेच करतो. हा विश्वास आपल्यात आला कुठून? जुन्या लोकांनी सांगा प्लीज.

जुना_नेटकर
बाबांना बोल लावू नका दादा. तो विश्वास फुकटचा नव्हता, कमावलेला होता.

मी ९८-९९ ला पुण्यात सायबर कॅफेत जायचो, तासाला पैसे मोजून, त्यामुळे शोधायला वेळ गेला की जीव वर-खाली व्हायचा. याहू तेव्हा खरं तर यादी होती, १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन पोरांनी सुरू केलेली, माणसं साइट बघून कुठल्या खान्यात टाकायची ते ठरवायची. आपल्याकडे राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डचं 'खोज' हे सर्च इंजिन होतं, ते अख्खं इंडियावर्ल्ड १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने ४९९ कोटींना घ्यायचं ठरवलं तेव्हा आम्ही कॅफेत बसून तोंडात बोटं घातली होती. आणि अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन, डिसेंबर १९९५ चं. ते पानातले शब्द बघायचं. मग लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवायचे, माणसाला दिसायचं नाही पण मशीनला दिसायचं. त्यामुळे पहिल्या निकालावर कोणी विश्वास ठेवायचंच नाही, तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत जायची सवय होती सगळ्यांना.

गुगलने (१९९८) वेगळं काय केलं तर गावात आपण डॉक्टर कसा शोधतो तसं केलं. चार लोकांना विचारतो, आणि त्यातही ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याचं जास्त ऐकतो. एका साइटने दुसरीची लिंक दिली म्हणजे तिने शिफारस केली, आणि शिफारस करणाऱ्याची स्वतःची पत जेवढी तेवढं तिचं वजन. पेजरँक म्हणतात ते हेच. मी पहिल्यांदा वापरलं तेव्हा हवं ते पहिल्याच ओळीत आलं, दुसऱ्यांदाही आलं, वर्षभर येतच राहिलं. मग खाली बघायचं सुटलं. तुमचं-माझं सगळ्यांचं तिथेच सुटलं.

दुकानदार_कोल्हापूर
नेटकर बरोबर आहेत पण अर्धंच सांगितलं. मी धंद्यासाठी सर्चमध्ये जाहिरात देतो म्हणून सांगतो, वरची जागा लिलावात जाते. गोटू डॉट कॉम नावाच्या कंपनीने १९९८ मध्ये हे सुरू केलं, एका क्लिकला जास्त पैसे देईल तो वर. गुगलने २००० मध्ये ॲडवर्ड्स ही जाहिरात सेवा आणली, तेव्हा जाहिराती वेगळ्या ओळखू यायच्या, पुष्कळ वर्षं तर उजव्या बाजूच्या पट्टीत असायच्या. २०१६ मध्ये कॉम्प्युटरवरची ती उजवी पट्टी काढली आणि वर चार-चार जाहिराती यायला लागल्या. आता मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर ही जाहिरात आहे असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ७१ वर्षांच्या माणसाला काय दिसणार?

आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे गुगल काढणाऱ्या पेज आणि ब्रिन यांनी स्वतःच १९९८ च्या पेपरात लिहून ठेवलं होतं की जाहिरातीच्या पैशावर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदाराकडे झुकणार, ग्राहकाकडे नाही. पेपर नेटवर आहे, कोणीही वाचा. पुढे २०१८ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने सर्चमधल्या पक्षपातासाठी गुगलला १३५ कोटींच्या वर दंड लावला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने सरळ सांगितलं की सर्चमधली मक्तेदारी त्यांनी बेकायदा टिकवली.

फक्त एक, फसवणुकीचे नंबर दर वेळी जाहिरातीतूनच येतात असं नाही. नकाशावरच्या नोंदीत कोणीही नंबर बदलायला सुचवू शकतो, किंवा "कस्टमर केअर नंबर" हेच शब्द कोंबून भरलेली खोटी पानं बनवतात. नेटकरांनी पांढऱ्या अक्षरांचं सांगितलं ना, त्याच जातीचा धंदा.

ग्रंथालयवाली
मी २९ वर्षं तालुक्याच्या वाचनालयात होते. कृष्णाकाठ, तुमचे बाबा शब्दकोश बघणारे आहेत म्हणूनच फसले असं मला वाटतं. रागावू नका, सांगते.

आमच्या टेबलावर टेलिफोन डिरेक्टरी असायची, जाडजूड, कोपरे वळलेली, कोणी पान फाडू नये म्हणून सुतळीने बांधून ठेवलेली. त्यातला नंबर टेलिफोन खात्यानेच दिलेला आणि त्याच खात्याने छापलेला. चुकला तर जुना झालेला असायचा, चोराचा नसायचा. त्या पिढीला यादीत छापलेलं म्हणजे कोणीतरी तपासून छापलेलं हे माहीत होतं आणि ते खरंही होतं. मोबाईलवर नावाखाली नंबर, तशीच ओळ, तशीच यादी. तो शिक्षकाचा विश्वास त्यांनी जसाच्या तसा इकडे आणला, फक्त मधला तपासणारा माणूस गेलाय हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

आमच्याकडे कोणी आलं की मी आधी विचारायचे, कशासाठी हवंय? त्या एका प्रश्नात निम्मं काम व्हायचं. सर्चचा डबा तो प्रश्न विचारत नाही.

पण मी जुनं तेच चांगलं म्हणणार नाही हं. १९९४ मध्ये माझ्या आईच्या आजाराचं नाव डॉक्टरांनी चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून दिलं, तर माझ्या वाचनालयात, म्हणजे मी स्वतः जिथे काम करत होते तिथे, त्याबद्दल एक ओळ मिळाली नाही. ती चिठ्ठी घेऊन मी मिरजेला गेले होते. आता माझी सून तसल्या कागदावरचा शब्द दोन मिनिटांत समजून घेते आणि डॉक्टरला नीट प्रश्न विचारते. हे मला कधीच परत द्यायचं नाहीये.

मीठभाकर
मराठीत शोधलं तर अजून वाईट, कारण मुळात चांगलं पान कमी म्हणून कचरा पटकन वर येतो. आपल्या पेपरांच्या जुन्या साइट स्वतःच्या फॉन्टमध्ये असायच्या, युनिकोड नाही, म्हणजे डोळ्याला मराठी आणि मशीनला नुसती अगम्य चिन्हं, सर्चला सापडायच्याच नाहीत. बाबांनी मराठीत टाइप केलं होतं का?

कृष्णाकाठ
@मीठभाकर हो, मराठीतच, बोलून टाकलं होतं.
ग्रंथालयवाली ताई, तुमचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले आमच्या शाळेत पण होती तशी डिरेक्टरी, हेडमास्तरांच्या कपाटात. काल त्यांनी पार्सलची पावती शोधून काढली, खरा नंबर मागे बारीक अक्षरात होता, भिंग लावून वाचला. बँकेचा एटीएम कार्डाच्या पाठीमागचा, गॅसचा पुस्तकातला, असे सगळे डायरीत नव्याने लिहिलेत आणि प्रत्येकापुढे कुठून घेतला तेही लिहिलंय. लाल रेघेचं ते जुनं पान मात्र फाडू देत नाहीत.