महाराष्ट्रात सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलट परवान्यासाठी) फ्लाइंग स्कूल कसं निवडायचं?

अकोलेकर आई:
नमस्कार. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही आहेत. पायलटच व्हायचं म्हणते. गोंदिया, बारामती आणि शिरपूर अशी तीन ठिकाणं डोक्यात आहेत. फी सगळीकडेच डोळे पांढरे करणारी. मग ठरवायचं कशावरून?

विदर्भवैमानिक:
ताई, माझं ट्रेनिंग विदर्भातच झालं. आधी एकच विचारा: आज उडू शकतील अशी विमानं किती आणि विद्यार्थी किती? माहितीपत्रकातल्या विमानांपैकी काही दर १०० तास उडाल्यावरच्या तपासणीला, तर काही सुट्या भागांची वाट बघत हँगरमध्ये असतात. सीपीएलला २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. विमान मिळालं नाही की पोरं हॉस्टेलवर बसून राहतात, मेसचं बिल चालूच. पण पैशांपेक्षा मोठं नुकसान हाताचं होतं. लँडिंग जमायला लागलेलं असतं आणि मध्येच खंड पडला, की धावपट्टीवर नाक नेमकं कधी उचलायचं याचा अंदाज जातो. सलग उडायला मिळणं यापुढे मी बाकी सगळं दुय्यम मानतो.

दुसरं हवामान. बारामती पर्जन्यछायेत येते. गोंदियाकडे पावसाळा जोरदार, ढग खाली उतरले की शिकाऊंचं फ्लाइंग बंद. उन्हाळ्यात विदर्भात दुपारी हवा तापून विरळ होते, इंजिन आणि पंख दोन्हींचा जोर कमी पडतो, वर हेलकावे वेगळेच. म्हणून सॉर्टी, म्हणजे सरावाची उड्डाणं, पहाटेच. गेल्या जुलै-ऑगस्टमध्ये महिन्याला किती तास उडाले, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा. रात्रीचे ५ तासही लागतात, ते तिथेच होतात की दुसरीकडे पाठवतात, हेही.

आणि परवानगी काढून मुलीला पहाटे घेऊन जा. उड्डाणाआधी पोरं पंखाखालून नळीत थोडं इंधन काढतात, उजेडासमोर धरतात आणि तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का ते बघतात. ती नळी इन्स्ट्रक्टर स्वतः हातात घेऊन बघतो का? जिथे बघतो, तिथे मी माझ्या बहिणीलाही डोळे मिटून पाठवेन.

नभ_पुणे:
वरच्या दादांशी सहमत. फक्त फी भरण्याआधी मेडिकल उरकून घ्या. आधी क्लास २ ही प्राथमिक वैद्यकीय तपासणी, मग सीपीएलला लागणारी क्लास १. रंगदृष्टीत अडचण निघाली तर ती पैसे भरण्याआधी कळलेली बरी. नॅव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र) आणि रेग्युलेशन्सचे पेपर आधी काढले तर विमानतळावर गेल्यावर सगळं लक्ष फ्लाइंगवर राहतं.

अकोलेकर आई:
दोघांचेही आभार. क्लास २ च्या तपासणीची वेळ घेते. पैसे एकरकमी मागितले तर?

विदर्भवैमानिक:
एकरकमी देऊ नका ताई. जितके तास उडाले तितके पैसे, असे हप्ते लेखी ठरवून घ्या, आणि मध्येच सोडलं तर परत किती मिळणार तेही त्याच कागदावर.