मदत हवी आहे: व्हीआरसाठी (व्हर्च्युअल रिॲलिटी) जुन्या वॉटरकूल्ड पीसीत आधी काय बदलू?

पीसी २०१५ साली जुळवलेला: आय७-४७९०के प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर३ रॅम, जीटीएक्स ९८० टीआय ग्राफिक्स कार्ड; प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर कस्टम वॉटर लूप (थंड ठेवायला स्वतः जोडलेल्या पाण्याच्या नळ्या). मॉनिटरवर अजून कुरकुर नाही. पण हेडसेट चढवून मान वळवली की चित्र मागून येतं आणि पोटात ढवळतं. ९० हर्ट्झला (सेकंदाला ९० चित्रं) एका फ्रेमसाठी जेमतेम ११ मिलिसेकंद, तिथे बिचारा धापा टाकतो.

नुसतं कार्ड बदलावं तर जुना वॉटरब्लॉक (कार्डावर बसवलेला, आतून पाणी फिरणारा ठोकळा) नव्याला बसणार नाही. प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड, रॅम सगळंच आलं. त्यात नळ्या पिवळ्या, कूलंट गढूळ. एअर कूलिंगवर यावंसं वाटतंय, पण रात्र जागून वाकवलेल्या नळ्या आहेत हो त्या!

आधी कार्ड, प्रोसेसर नंतर, असं कोणी केलंय का? कितपत फरक पडला?