वेर्ण्याला औषध कारखान्यात जायचंय: आधी पीएलसी की इन्स्ट्रुमेंटेशन?

डिचोलीकर_२२: आयटीआय, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक, शेवटचं वर्ष. गोव्यात वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत किंवा वैद्यकीय उपकरणांच्या उत्पादनात मेंटेनन्सला जायचंय. खाजगी पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर) कोर्सला पैसे घालू, की आधी इन्स्ट्रुमेंटेशन (सेन्सर आणि मोजमापाची उपकरणं) शिकू?

मल्टीमीटर: घाला, पण नंतर. लाइन बंद पडते ती प्रोग्रॅम बिघडल्यामुळे क्वचितच. सेन्सर, वायर नाहीतर हवा, यातलं काहीतरी असतं. ४-२० मिलिअँपिअर (वाचन कंट्रोलरपर्यंत नेणारा विद्युतप्रवाहाचा सिग्नल) तोंडपाठ हवं. ०-१० बारच्या दाब-ट्रान्समीटरवर ५ बारला १२ मिलिअँपिअर येतात. ४ म्हणजे दाब नाही, ० म्हणजे वायर तुटली किंवा सप्लाय गेला.

मग पीटी-१००, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर. ०° ला १०० ओहम, १२१° ला साधारण १४६.५. अंशामागे ०.३८५ धरा. ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) तो दोन वायरींवर जोडला आणि वायरींचाच रोध १ ओहम भरला, तर वाचन अडीच अंशांनी चढं येतं. पडद्यावर १२१, आत ११८.५. अलार्म वाजत नाही, कारण कंट्रोलरच्या मते सगळं ठीक आहे. म्हणून तीन वायरी, म्हणजे कंट्रोलर वायरींचा रोध वजा करतो, आणि तिन्ही सारख्या लांबी-जाडीच्या.

एफआरएल: हवेचं मी सांगतो. आपल्या पावसाळ्यात कॉम्प्रेसर पाणी ओढतोच. ड्रायरचा ऑटोड्रेन चिकटला की ते सोलेनॉइड व्हॉल्व्हपर्यंत (हवा सोडणाऱ्या विजेवरच्या झडपेपर्यंत) पोचतं, सिलिंडर रेंगाळतो, रीड स्विच (सिलिंडर जागेवर पोचल्याचं सांगणारा) वेळेत लागत नाही. पीएलसी टाइमआउट दाखवतो आणि नवशिका लॅपटॉप उघडून बसतो! आधी फिल्टरचा बाऊल बघा. (माझं नाव म्हणजे फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर; त्यातला ‘एल’, म्हणजे हवेत तेल सोडणारा ल्युब्रिकेटर, तिथे चालत नाही जिथे हवा थेट औषधाला लागते. तेल नको.)

खाडाखोड_नको: दोघांनी हत्यारं सांगितली, वही राहिली. इथे दुरुस्तीइतकंच वजन नोंदीला. चूक झाली तर एकच आडवी रेघ, मूळ आकडा वाचता यायला हवा, बाजूला सही, तारीख, कारण. व्हाइटनर, पेन्सिल, ‘नंतर भरतो’, तिन्ही बंद. दुसऱ्याच्या पासवर्डने एचएमआयवर (मशीनच्या पडद्यावर) सेटपॉइंट (ठरवून दिलेलं मूल्य) बदलला तर मशीन सुधारेल, पण बॅच अडकेल. अमेरिकेला माल जात असेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदींना १९९७ पासूनचा तिथला नियम ‘२१ सीएफआर पार्ट ११’ लागतो. उपकरणांच्या कारखान्यात आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांसाठीचं गुणवत्ता मानक) विचारतील.

डिचोलीकर_२२: अप्रेंटिसशिप कुठून मिळेल?

मल्टीमीटर: केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजना आहेत: आयटीआयवाल्यांना एनएपीएसचं पोर्टल, डिप्लोमावाल्यांना एनएटीएसचं. जागा मिळाली की कॅलिब्रेशन (उपकरणांचं वाचन पडताळणारा) विभाग मागून घ्या, पॅकिंगवर वर्ष घालवू नका. आणि मुलाखतीआधी एवढं घोटा: स्टॉप बटण एनसी (न दाबता जोडलेलं) का? वायर तुटली तरी मशीन थांबावं म्हणून. त्यामुळे लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्रॅमच्या आकृतीत) त्याच इनपुटला एनओ (सिग्नल आला की जुळणारा) काँटॅक्ट काढायचा. इथेच बहुतेक पोरं अडखळतात.